पहिली फेरी, मागची रांग

कोल्हापूरला खेटून जाणारा ४८ क्रमांकाचा महामार्ग बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत थेट चेन्नई गाठतो. शहर लागायच्या आधी, श्रीपेरंबुदूरच्या पुढे इरुंगट्टुकोट्टईला, याच रस्त्याच्या अंगाला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा रेस ट्रॅक आहे. त्यामुळे उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमधून निघालेला ट्रेलर एकाच महामार्गाने तिथवर जातो. रस्ता सरळ आहे, पण पोचल्यावर पुढचं काही सरळ नसतं.

मी हौशी रेसर लोकांच्या गाड्या तयार करतो. हौशी म्हणजे स्वतःच्या खिशातून टायर घेणारे. कुणाची फाउंड्री आहे, कुणाचं बांधकामाचं काम, आणि एक सांगलीचे बालरोगतज्ज्ञ आहेत. हे डॉक्टर वर्षभर ओपीडीतून वेळ चोरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर हंगाम सुरू झाला की टूरिंग कारच्या गटात उतरतात. यंदाची त्यांची पहिली फेरी वाईट गेली. शनिवारच्या शर्यतीत मागून तिसरे आले. रविवारी पहिल्याच वळणावर मागच्याने ढकललं, गाडी मातीत गेली, आणि बाहेर निघेपर्यंत सगळे पुढे पसार झाले होते.

हेल्मेट काढता काढता डॉक्टर म्हणाले, “भाऊ, इंजिनात दमच नाही.”

पॅडॉकमध्ये हे वाक्य तुम्हाला प्रत्येक तंबूत ऐकू येईल. हरलेल्या माणसाला इंजिनासारखा सोयीचा गुन्हेगार दुसरा नाही, कारण त्याला उलट बोलता येत नाही. डॉक्टरांचा मुद्दा असा की कोल्हापुरात डायनोवर चांगली ताकद दाखवणारं इंजिन चेन्नईच्या उकाड्यात मेलं. ऐकायला पटतं. हवा तापली की विरळ होते, साधारण दर तीन अंशांना एक टक्का. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर आहे आणि तेवढ्या उंचीवर हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. चेन्नईत उन्हाने जे जातं ते समुद्राकाठच्या दाबाने बरंचसं परत मिळतं. दमट हवेतली वाफ थोडी ताकद खाते, हे खरं. पण ग्रिडवरची प्रत्येक गाडी तीच हवा पीत असते, पुढच्या रांगेतलीसुद्धा.

मी त्यांना निकालाचा कागद बाजूला ठेवायला सांगितला आणि लॅपच्या वेळांचा कागद पुढे केला. या खेळात क्रमांकाइतकं फसवं दुसरं काही नाही. पुढचे दोघे एकमेकांवर आदळले तर तुम्ही काही न करता दोन जागा वर सरकता, आणि चांगली गाडी चालवूनही मातीत जाऊन शेवटचे येता. लॅपची वेळ मात्र खोटं बोलत नाही. इथली एक लॅप ३.७ किलोमीटरची आणि आमच्या गटातल्या गाड्या ती दोन मिनिटांच्या आसपास पुरी करतात, म्हणजे ताशी सरासरी ११० किलोमीटर. या वेगाला एक सेकंद म्हणजे तीस मीटर, जवळजवळ सात गाड्यांची रांग. क्वालिफाइंगमधली डॉक्टरांची उत्तम लॅप पहिल्या नंबरच्या तुलनेत फार मागे नव्हती. शर्यतीत मात्र तिसऱ्या लॅपपासून वेळ ढासळत गेली आणि परत सावरलीच नाही. दम नसलेलं इंजिन क्वालिफाइंगलाही दमलं असतं. इथे गाडी जे एकदा करू शकत होती ते चालकाला पुन्हा पुन्हा करता येत नव्हतं.

कारण गाडीतल्या लॉगरवर, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या यंत्रावर दिसलं. आमच्या गाडीत पुढची चाकंच इंजिनाने फिरतात, म्हणजे ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचा मोठा भार घ्यायचा, सगळं त्याच दोन टायरांवर. हिरव्या दिव्यानंतर माणूस जोशात असतो. पहिल्या दोन लॅपमध्ये तो वळणात जरा जास्त वेगाने शिरतो, गाडीचं नाक बाहेर ओढलं जातं, तो स्टिअरिंग आणखी पिळतो आणि टायर घासून आणखी तापतो. आत हवाही फुगते. थंड असताना २४ पीएसआय भरली आणि टायर पन्नास अंशांनी तापला तर ती तीसवर जाते. फुगलेला टायर रस्त्याला कमी चिकटतो, मग स्टिअरिंग अजून पिळायचं. डॉक्टरांचा स्टिअरिंगचा आलेख लॅपगणिक रुंद होत गेलेला स्पष्ट दिसत होता. सरळ पट्ट्याच्या टोकाच्या वेगवान उजव्या वळणावर, ज्याला तिथले सगळे सी-वन म्हणतात, ते दर लॅपला थोडं आधी ॲक्सिलरेटर सोडत होते. पुढच्या टायरांवरचा भरवसा गेला की पाय आपोआप उठतो, त्याला मनाची परवानगी लागत नाही.

मग हे टायर जपायला शिकायचं कुठे? इथे मला आपल्याकडच्या रेसिंगबद्दल राग येतो. चेन्नई-कोइमतूरच्या मुलांना आठवड्याच्या मधल्या वारी ट्रॅक मिळतो, सांगलीच्या माणसाला त्यासाठी एक रात्र प्रवास, दोन दिवसांची रजा, डिझेल, टायरचा जोड आणि ट्रॅकचं भाडं. म्हणून हंगामाची पहिली फेरी हाच त्याचा सराव ठरतो, आणि तो तो गुण लागत असताना करतो. कोइमतूरचे करिवर्धन यांनी १९८०च्या दशकात मारुती ८००चं इंजिन आणि गिअरबॉक्स वापरून फॉर्म्युला मारुती उभी केली, तेव्हा सामान्य ऐपतीच्या माणसाला रेस कार परवडेल अशी सोय झाली. नारायण कार्तिकेयन त्याच वाटेने पुढे फॉर्म्युला वनपर्यंत गेला. गाडी स्वस्त करण्याचं काम त्यांनी केलं. सराव स्वस्त करणं अजून कुणाला जमलेलं नाही.

कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि इथली पोरं त्यावर तयार होतात. कृष्णराज महाडिक इथूनच ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. डॉक्टरही तिथे फेऱ्या मारतात, आणि माराव्यातच, नजर आणि हात तयार राहतात. पण कार्टला सस्पेन्शन नसतं आणि इंजिनाची ओढ मागच्या चाकांवर असते, त्यामुळे पुढचे टायर मरताना कसे वाटतात ते कार्ट शिकवत नाही. घरचा सिम्युलेटर ब्रेक कुठे लावायचा ते पाठ करून घेतो. अंगात तीन पदरी सूट, काचा बंद आणि बाहेर चेन्नईचं ऊन, हे एसीच्या खोलीत बसून कळत नाही.

डॉक्टरांनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पटलं. पण कॅमशाफ्ट बदलायचा का?” तासभर वाद झाला. नियमात बसत असला तरी कॅमशाफ्टचे पैसे सध्या टायरांत घालावेत, असं माझं म्हणणं. शेवटी तडजोड अशी झाली की कॅमशाफ्ट मागवायचा, पण दुसऱ्या फेरीआधी एक दिवस फक्त सरावाला, जुन्या टायरांवर, इंजिनाला हात न लावता. ट्रॅक सोमवारी मोकळा आहे, आणि सोमवारीच त्यांच्या दवाखान्यात लसीकरणाची रांग सगळ्यात लांब असते. पर्यायी डॉक्टर शोधायचं काम त्यांनी माझ्याच गळ्यात टाकलंय.