कोण बघतंय?

केबल बंद करायची, हे आमच्या घरात दर वर्षी ठरायचं. ज्या महिन्यात बिल वाढून येई, त्या महिन्यात नवरा फोन घेऊन बसायचा. केबल कंपन्यांत एक खास विभाग असतो, सोडून जाणाऱ्यांना थोपवणारा. तिथल्या माणसाशी पाऊण तास हुज्जत घालून तो विजयी चेहऱ्याने खोलीबाहेर यायचा. "वर्षभरासाठी २५ डॉलर कमी केले!" वर्ष सरलं की ते २५ डॉलर आणखी १० डॉलर सोबत घेऊन परत यायचे.

२०२१ च्या वसंतात मात्र खरंच बंद केली. सगळे घरात कोंडलेले, प्रत्येकजण आपापल्या लॅपटॉपवर, आणि एक दिवस लक्षात आलं की तीन आठवडे केबलचा डबा कुणी चालूच केलेला नाही. मग पहिल्यांदा ते बिल नीट वाचलं. स्थानिक वाहिन्यांची फी वेगळी, खेळांच्या वाहिन्यांची वेगळी, दोन डब्यांचं भाडं वेगळं. ज्या वाहिन्या ॲन्टेना लावला तर हवेतून फुकट दिसतात, त्यांचेही पैसे. इथे केबलचा धंदाच तसा बांधलेला आहे. वाहिन्यांचे मालक त्या जुडीने विकतात, त्यामुळे घरात फुटबॉलचा एकही सामना कुणी बघत नसलं तरी ईएसपीएनचे पैसे सगळ्यांच्या बिलातून जातात. कोथिंबिरीच्या चार काड्या हव्यात, तर भाजीची अख्खी पाटी उचला.

डबे परत करायला गेलो तर दुकानाबाहेर रांग. प्रत्येकाच्या तोंडाला मास्क, काखेत एक काळा डबा आणि त्याला गुंडाळलेली वायर. "पावती जपून ठेवा हं," असा सल्ला पुढच्या माणसाने न विचारता दिला. ती पावती अजून आमच्या फ्रिजवर आहे.

बचत किती झाली ते विचारू नका. टीव्ही काढल्यावर नुसतं इंटरनेट महाग झालं, कारण दोन्ही एकत्र घेतल्याची सूट गेली. मग नेटफ्लिक्स आलं, मुलासाठी डिस्ने आलं, क्रिकेटचं एक, मराठी मालिकांचं एक. दीड वर्षाने मी बेरीज केली तेव्हा आम्ही जुन्या बिलापेक्षा महिन्याला १९ डॉलर कमी भरत होतो. नवऱ्याने माझी बेरीज दोनदा तपासली.

हे सगळं ठरवताना आईचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. आई तेव्हा डोंबिवलीत होती.

बाबा गेल्यापासून आई दर दोन-तीन वर्षांनी सहा महिने आमच्याकडे बॉथेलला येते. २०१३, २०१६, २०१९. अशा वेळी आईचा दिवस कसा जातो, ते ज्यांच्या आया येऊन गेल्या आहेत त्यांना सांगायला नको. गाडी चालवता येत नाही. बस आहे, पण थांब्यापर्यंत चढ आहे. शेजारी हसून हात करतात आणि गराजचं दार खाली येतं. सकाळी साडेआठला सगळं घर रिकामं. त्या घरात केबल ही तिची एक हक्काची गोष्ट होती. रिमोटच्या मागे मी कागदाची पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर तिच्या हिंदी वाहिनीचा तीन आकडी नंबर. आमच्या देशी पॅकेजमध्ये मराठी वाहिनी नव्हती, पण तिची तक्रार नसायची. "जे लागेल ते बघायचं," ती म्हणायची. एकला जेवण, मग मालिका, जाहिराती लागल्या की भांडी. ऑफिसातून मी फोन केला तर, "आत्ता नको गं, चारला कर." भर दुपारी तिला माझ्यासाठी वेळ नाही, या गोष्टीने मला किती हायसं वाटायचं, ते मला तेव्हा कळलंही नव्हतं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा नवं वैभव आम्ही मोठ्या कौतुकाने दाखवलं. आता हिंदीवर भागवायचं कारण नाही, सगळं मराठी! जुनी नाटकं, कालच्या मालिकेचा भाग, दूरदर्शनच्या जुन्या मुलाखती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा आईचं नुकतंच लग्न झालेलं. चाळीत एका घरी टीव्ही, आणि शनिवारच्या मराठी सिनेमाला त्यांच्या दारात चपलांचा ढीग. आमच्या सोफ्यावर बसून ती जुन्या मुलाखतींमधले चेहरे ओळखायची आणि कोण कुणाची कोण ते सांगायची. एका रात्री प्रदीप भिडे बातम्या वाचताना दिसले, तर पदर सारखा करून बसली. संध्याकाळी असं तास-दीड तास चालायचं. मी मनात म्हणायचे, केबल काढली ते किती बरं झालं.

ॲन्टेनाची गंमत त्याच महिन्यातली. स्थानिक बातम्या फुकट दिसाव्यात म्हणून नवऱ्याने एक चपटा ॲन्टेना आणून खिडकीच्या काचेला चिकटवला होता. सिॲटलचे टीव्ही मनोरे क्वीन ॲन आणि कॅपिटॉल हिल या टेकड्यांवर आहेत. आमच्यापासून वीसेक किलोमीटर, पण मध्ये चढउतार आणि ही उंचच उंच फर आणि सिडारची झाडं. ५ नंबर यायचा, ७ चे तुकडेतुकडे व्हायचे, ४ आपल्या मर्जीने. आईने दोन दिवस हे बघितलं आणि म्हणाली, "वरळीचा मनोरा डोंबिवलीहून याच्या दुप्पट लांब होता. तरी आम्ही बघत होतोच की." मग तिने मोहीम हातात घेतली. नातू ॲन्टेना धरून खोल्याखोल्यांतून फिरतोय, नवरा जिन्यात मधला निरोप्या, आणि टीव्हीसमोर उभी आई, "आलं... आलं... गेलं! मगाचं होतं तिथेच धर!" बाबा गच्चीत आणि ती खिडकीत, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलेलं. फरक एवढाच, की इथल्या मोठ्या स्टेशनांचं प्रक्षेपण १२ जून २००९ पासून पूर्ण डिजिटल आहे, त्यामुळे पडद्यावर मुंग्या येत नाहीत. चित्र येतं नाहीतर येत नाही. शेवटी वरच्या मजल्यावर मुलाच्या खिडकीत सगळ्या वाहिन्या लागल्या, आणि तेव्हापासून आमच्या जिन्यावरून एक काळी वायर खाली लोंबते आहे.

मग क्रिकेट. २३ ऑक्टोबर २०२२, मेलबर्नला भारत-पाकिस्तान. आमच्याकडे रात्री एकला सुरू. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, घरात चकलीचा वास, आणि आई शाल पांघरून जागी. १६० करायच्या होत्या, शेवटच्या षटकात १६ राहिल्या, पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण आम्ही ते कसं बघितलं ते ऐका. इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण केबलच्या मागे असतं, अर्धं मिनिट, कधी जास्त. भाऊ पुण्यात केबलवर बघत होता. कोहली आमच्या पडद्यावर अजून स्टान्स घेतोय, तोवर घरच्या ग्रुपवर "सिक्स!!!" अश्विन शेवटचा चेंडू खेळायला उभा, सगळे श्वास रोखून, आणि सोफ्यावरचे चार फोन एकदम टुणटुण वाजले. "जिंकलो" वाचूनच आम्ही तो चेंडू बघितला. आईने कपाळाला हात लावला. "बातमी आधी आणि चेंडू मागून! हे कसलं रे तुमचं लाइव्ह?"

नोव्हेंबरमध्ये एक दिवस मुलाला डेंटिस्टकडे न्यायचं होतं म्हणून मी तीनलाच घरी आले. घर शांत. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली, टीव्ही काळा.

"काही लावलं नाहीस?"

"कावळ्यांची वाट बघतेय."

बॉथेलच्या कावळ्यांबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथल्या युनिव्हर्सिटीच्या आवारात मोठी पाणथळ जमीन आहे, आणि हिवाळ्याच्या दिवसांत रोज संध्याकाळी आसपासच्या मुलखातले हजारो कावळे तिथल्या झाडांवर मुक्कामाला येतात. रांगाच्या रांगा आमच्या छतावरून जातात. आईला त्याचं भारी अप्रूप. "आपल्याकडे पितृपक्षात एक मिळायची मारामार," म्हणायची. तेव्हा मी हसले. पण नोव्हेंबरात कावळे येतात साडेचारच्या सुमाराला, आणि आत्ता तीन वाजले होते.

खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. "ते विचारतं गं, कोण बघतंय म्हणून."

टीव्ही लावला की तो पडदा येतो ना, कोण बघतंय? खाली तीन चेहरे. माझा, नवऱ्याचा, मुलाचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला आईने त्यातला एक दाबला होता, तो निघाला नातवाचा. दोन-चार दिवस तिने त्याच्या नावावर हिंदी सिनेमे बघितले. मग एका रात्री जेवताना तो हसत हसत म्हणाला होता, माझ्या लिस्टमध्ये हे सगळं कुणी भरलंय? इंग्रजीत म्हणाला होता. आम्हीही हसलो होतो. आईला इंग्रजी बोलायला जमत नाही, कळतं सगळं.

"त्याचं तो जपून ठेवतो. आपण कशाला हात लावा? आणि तुमच्या नावावर तरी मी का बघू?"

"कधीपासून?"

"गणपती झाल्यापासून."

म्हणजे दोन महिने. दोन महिने ती दिवसा टीव्ही न लावता बसून होती, आणि संध्याकाळी मी विचारलं की, "हो, बघितलं की," म्हणत होती. आणि मला ऑफिसात हायसं वाटत होतं. संध्याकाळी आम्ही लावून दिलेलं ती आनंदाने बघायची, म्हणून मला शंकाही आली नाही. लावून दे, असं मात्र तिने एकदाही म्हटलं नव्हतं, हेही मला तेव्हाच सुचलं.

मुलाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने चौथा चेहरा तयार केला आणि खाली देवनागरीत "आजी" लिहिलं. देवनागरी टाइप करायला त्याला दहा मिनिटं लागली. यूट्यूबसाठीही तिच्या नावाचं वेगळं खातं उघडलं. मी कागदावर पायऱ्या लिहून दिल्या: घराचं चित्र, खाली, उजवीकडे, गोल बटण, चौथा चेहरा... अकरा पायऱ्या झाल्या. पूर्वी तीन आकडे होते.

त्यानंतर ती दुपारी टीव्ही लावायला लागली. कधी लागायचा, कधी सातव्या पायरीवर अडायचा, मग मी ऑफिसातून व्हिडिओ कॉलवर, "आता काय दिसतंय? त्याच्या खाली..." डोंबिवलीच्या गच्चीसारखंच. जानेवारीत ती परत गेली.

भावाने तिथे तिला नवा टीव्ही घेऊन दिला, यूट्यूबवर तिचं तेच खातं घातलं, आणि सगळ्यांनी मिळून तिची डोंबिवलीची केबलही बंद करायला लावली. आता कशाला हवी? खातं एकच असल्याने तिने तिकडे काय बघितलं ते आमच्या टीव्हीवर "आजी" उघडलं की दिसायचं. चित्राखाली लाल रेघ, जेवढं बघून झालं तेवढी. मला सवयच लागली. सकाळी चहा घेताना बघायचं, रेघ कुठवर आली. रोज फोन करून "बरी आहेस ना" विचारण्यापेक्षा हे सोपं होतं, ते तितकंसं भूषणावह नाही हे मला मान्य आहे.

मार्चच्या अखेरीस चार दिवस रेघ हलली नाही. एक मुलाखत २२ व्या मिनिटाला थांबलेली, ती थांबलेलीच. रविवारच्या फोनवर मी सहज विचारलं, टीव्ही बघतेस ना? "हो, बघते की."

हे मी आधी ऐकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधीच फोन लावला, तिकडे संध्याकाळ. मागे टीव्हीचा मोठा आवाज येत होता. मालिकेचं संगीत.

"आई, हे कुठून येतंय?"

थोडा वेळ काही नाही. मग म्हणाली, "केबलवाल्याला बोलावलं मी परत. कोपऱ्यावरचाच आहे तो, अर्ध्या तासात जोडून गेला. चहा पण घेतला. तुझ्या दादाला सांगू नकोस इतक्यात."

"अगं, पण यूट्यूबवर सगळं आहे की."

"आहे ना, चांगलं आहे. पण त्यात मला सारखं ठरवावं लागतं. एकटीने किती ठरवायचं?"

"मग मला सांगायचंस."

"तुम्ही सगळ्यांनी एवढं बसवून दिलंत, नातवाने नाव घातलं माझं. बरं वाटलं नाही सांगायला. तो कसा आहे? दात झाले का त्याचे?"

दातांचं सांगितलं. कावळे अजून येतात का, ते विचारलं. येतात म्हटलं, पण आता उशिरा.

"बरं, साडेसात होत आले," ती म्हणाली. "ठेवते हं. माझी लागेल आता."