घसारा न लागणारी पुस्तकं



या वेळी लोणच्याच्या मसाल्याबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण आज विषय अगदीच वेगळा आहे. गोल्फ शिकवणारी जुनी पुस्तकं! हसू नका. मी स्वतः आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. तरी गेल्या वर्षी या पुस्तकांनी मला आणि माझ्या घराला जे दिलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

माझ्यासारख्या ज्या कॉमर्सवाल्या आहेत, त्यांना घसारा आठवत असेल. यंत्र, गाडी, इमारत, फर्निचर, सगळ्यांची किंमत वापराने आणि काळाने कमी होते, म्हणून दरवर्षी घसारा लावायचा. जमिनीला मात्र घसारा नसतो. आमचे सर म्हणायचे, एकाच दस्तात जमीन आणि घर विकत घेतलं तरी वहीत दोघांची किंमत वेगळी दाखवा. 'हे कसं करावं' हे शिकवणाऱ्या पुस्तकांचंही तसंच असतं, असं मला आता वाटतं. त्यांच्यात थोडी इमारत असते आणि थोडी जमीन.

आता मूळ गोष्ट. माझी मुलगी अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात असते. गेल्या वर्षी मी पाच महिने तिच्याकडे होते. थोरली नात पंधरा वर्षांची, शाळेच्या गोल्फ संघात खेळणारी. मी पोचले तेव्हा पोरगी खेळ सोडायच्या बेतात होती. रोज रात्री फोनवर व्हिडिओ बघायची. एक सांगायचा मनगट असं वळवा, दुसरा सांगायचा मनगटाकडे बघूच नका, कंबर फिरवा. सरावाच्या जागी एक यंत्रही होतं. प्रत्येक फटक्यानंतर ते चेंडूचा वेग, फिरकी, कोन असे आकडे दाखवायचं. मी आकड्यांना घाबरणारी बाई नाही. पण तेरीजपत्रक जुळत नाही एवढंच आकडा सांगतो, कुठली नोंद चुकली ते आपल्यालाच शोधावं लागतं. आणि ही बिचारी रोज सगळीच वही खोडून नव्याने लिहायला बसायची.

एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ती बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून स्वतःची बोटं बघत रडत होती. म्हणाली, "आजी, मला माझे हात माझे वाटतच नाहीत गं." जावयांचं म्हणणं, एवढी वर्षं घातली, आता कसलं सोडायचं. मुलगी म्हणे, तिला नको असेल तर नको. जेवणाच्या टेबलावर तिघंही गप्प. अशा वेळी आजीने काय करावं? शिरा करावा, तो मी केला. पण शिऱ्याने भागणारं दुखणं नव्हतं ते.

त्याच आठवड्यात मुलीबरोबर जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले होते. तिथे खेळांच्या कपाटात थोडक्या डॉलरांत दोन पुस्तकं मिळाली. एक लहानसं लाल, 'हार्वी पेनिक्स लिटल रेड बुक'. दुसरं बेन होगन यांचं 'फाइव्ह लेसन्स'. दुकानातला माणूस लाल पुस्तकावर हात ठेवून म्हणाला, हे आमच्या गावचे. खरंच होतं ते.

हार्वी पेनिक यांचा जन्म 1904 चा, ऑस्टिनचाच. आठव्या वर्षी ते ऑस्टिन कंट्री क्लबमध्ये खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी उचलायला लागले, 1923 मध्ये तिथले मुख्य शिक्षक झाले आणि जन्मभर तिथेच शिकवत राहिले. शिकवताना जे उमगेल ते एका लाल वहीत टिपायचं, ही त्यांची साठएक वर्षांची सवय. ही वही मुलाशिवाय कुणाला दाखवायची नाही, पुढे त्यालाच द्यायची, असा बेत होता. पण म्हातारपणी, 1991 मध्ये, त्यांनी ती बड श्रेक नावाच्या लेखकापुढे ठेवली आणि 1992 मध्ये तिचं पुस्तक झालं. श्रेक एक गंमत सांगत. प्रकाशकाने नव्वद हजार डॉलर देऊ केल्याचं त्यांनी पेनिकना कळवलं, तर दुसऱ्या दिवशी मास्तर काळजीत! त्यांना वाटलं, पुस्तक छापून घ्यायला आपल्यालाच एवढे पैसे भरायचेत. आयुष्यभर ज्ञान वाटलं, पण त्याचे पैसे आपल्याला मिळू शकतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मी त्यांना मनातल्या मनात पेनिक मास्तरच म्हणते. पुस्तक अगदी छोट्या छोट्या टिपणांचं आहे. काही चार ओळींची, काही दोन पानांची. 'हे करू नका, ते करू नका' अशी भाषा ते टाळतात, कारण फटका मारताना जे डोक्यात असतं तेच हात करतात, असं त्यांचं मत. त्यांनी सांगितलेल्या एका सरावाने तर मी उठूनच बसले. हात कसे फिरायला हवेत ते कळायला पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून मागेपुढे झुलवायची. दुसरा उपाय गवत कापायच्या लांब दांड्याच्या हत्याराचा होता, पण आमच्या घरी कुठला निवडला गेला हे तुम्हाला सांगायला नको!

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात मी नातीला बादली दिली. आधी तिला हसू आलं. मग तिने झुलवली. हिसका दिला की पाणी सांडतं, हात ताठ धरले तरी सांडतं. लयीत झुलली की थेंबही बाहेर येत नाही. अर्ध्या तासाने म्हणाली, "आजी, हे काही विचार न करता जमतंय." सांडलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला गेलं.

मास्तरांची आणखी एक शिकवण तिला भावली. शिकायला सुरुवात होलपासून करायची. म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा, त्याच्या अगदी काठापासून, आणि तिथून हळूहळू मागे जायचं. लांबचा जोरदार फटका सगळ्यात शेवटी. आपल्याकडे मुलीला स्वयंपाक शिकवताना पहिल्याच दिवशी पुरणपोळी लाटायला देत नाहीत, तसंच हे.

होगन यांचं पुस्तक मात्र वेगळ्या प्रकृतीचं. पेनिक आजोबांसारखे, तर होगन कडक वर्गशिक्षक. 1949 मध्ये त्यांच्या गाडीला समोरून बसची धडक बसली. पत्नीला वाचवायला ते तिच्या अंगावर आडवे झाले आणि स्वतःची हाडं मोडून घेतली. पुन्हा नीट चालता येईल की नाही अशी शंका होती, पण पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, त्यांनी अमेरिकेची मानाची यू.एस. ओपन स्पर्धा जिंकली. 1957 मध्ये त्यांचे पाच धडे आधी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकातून आणि मग पुस्तकरूपाने आले. शब्दांकन हर्बर्ट वॉरन विंड यांचं, चित्रं अँथनी राव्हिएली यांची. त्या चित्रांपुढे फोटो फिके पडतात. स्नायू न् स्नायू रेखलेला. एका चित्रात खेळाडूच्या खांद्यांवर काचेचं मोठं तावदान तिरकं टेकलेलं आहे, त्यातून फक्त डोकं वर आलेलं. मागे हात नेताना ही काच फुटता कामा नये! एवढ्या एका चित्राने जे समजतं, ते दहा व्हिडिओंनी तिला समजलं नव्हतं.

पहिला धडा फक्त पकडीचा. काठी हातात कशी धरायची, कुठल्या बोटांवर दाब. आणि सूचना काय, तर आठवडाभर रोज अर्धा तास नुसती पकडच घोटा. मला माझ्या सासूबाई आठवल्या. लग्नानंतर कितीतरी दिवस त्यांनी मला फक्त कणीक भिजवायला दिली होती, तव्याजवळ येऊच दिलं नाही. आजही माझी पोळी बिघडत नाही, त्याचं श्रेय तव्याला नाही, त्या परातीला आहे.

आता घसाऱ्याकडे येऊ. या पुस्तकांत जुनं झालेलं पुष्कळ आहे. होगनच्या काळात लांब फटक्याच्या काठीचं डोकं पर्सिमॉनच्या लाकडाचं असे. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतलं. आता तिथे टायटॅनियम आलंय. चेंडू बदलले, ते कितीतरी लांब जातात. ही सगळी इमारत, तिला घसारा लागणारच. पण माणसाला दोनच हात, हातांना दहा बोटं, आणि चेंडू जागचा हलत नाही. नेम धरायचा, श्वास आवरायचा, लय सांभाळायची. ही जमीन. होलचा आकारही 1891 पासून ठरलेला आहे, सव्वाचार इंच. मिलिमीटरमध्ये नियमपुस्तक सांगतं, 108. जपमाळेएवढे! योगायोगच, पण मला फार गोड वाटला. नातीला म्हटलं, तुझ्या खेळात शेवटी या एकशे आठांतच उतरायचं असतं.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. पुस्तक म्हणजे औषध नव्हे, औषधाची माहिती. होगन यांचा चेंडू तरुणपणी फार डावीकडे वळायचा. ते थांबवायला त्यांनी आपली पकड बदलली, आणि पुस्तकात तीच शिकवली. ज्याचा चेंडू मुळातच उजवीकडे जातो त्याला ती पकड त्रासाचीच. नातीच्या शिक्षिकेने तिची पकड पाहून नेमकं हेच सांगितलं आणि त्या धड्यातलं अर्धंच तिला घ्यायला लावलं. पेनिक मास्तरांना हे पुरेपूर ठाऊक होतं. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे पुढे जगभर गाजलेले दोन खेळाडू शाळकरी वयात त्यांच्याकडेच शिकले, पण एकाची शिकवणी चालू असताना ते दुसऱ्याला बघू देत नसत. एकाचं औषध दुसऱ्याने घेऊ नये म्हणून! हे वाचल्यावर माझी नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस सगळ्यांची औषधं घेत होते." मी काही बोलले नाही. तिचं तिलाच सापडलं होतं.

व्हिडिओ वाईट असतो असं मी म्हणणार नाही, मीही रांगोळ्या त्यातच बघते. पण व्हिडिओत दुसऱ्याचं शरीर दिसतं आणि आपण त्याची नक्कल करतो. पुस्तकात नुसते शब्द असतात, ते आपल्याला स्वतःच्या शरीरात शोधावे लागतात. तिथे वेळ लागतो, आणि तोच वेळ शिकवतो. आपल्या तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. खेळाच्या पुस्तकाला धर्मग्रंथाच्या शेजारी बसवायचं नाही मला. पण वाचणं, जाणत्याला विचारणं, मनात घोळवणं आणि पुन्हा पुन्हा घोकणं, या चार पायऱ्या कुठलंही शिकणं चुकवू शकत नाही. फोनवर पहिली पायरी चढून झाली की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. उरलेल्या तीन पायऱ्यांना सवडच मिळत नाही.

पेनिक मास्तर 2 एप्रिल 1995 ला गेले, नव्वदाव्या वर्षी. शेवटच्या आजारपणात अंथरुणावरून त्यांनी क्रेनशॉला हलक्या फटक्याचा एक धडा दिला होता. क्रेनशॉ त्यांच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला आला, परत गेला आणि 9 एप्रिलला मास्टर्स स्पर्धा जिंकला. तेव्हा तो 43 वर्षांचा होता. शेवटचा चेंडू होलमध्ये गेल्यावर तो तिथेच वाकून रडला. मी नातीला ही गोष्ट सांगितली तेव्हा रडू मला आलं, तिला नाही.

तुम्ही विचाराल, मग नात जिंकली का? नाही. त्या मोसमात ती शाळेच्या दुसऱ्या संघातच राहिली. पण रात्रीचे व्हिडिओ थांबले. संध्याकाळी ती आधी होलपासून तीन फुटांवर उभी राहायची, मी बाकावर बसून मोजायची. ओळीने पंचवीस गेले की एक पाऊल मागे. जेवणाच्या टेबलावर बोलणं परत सुरू झालं. एकदा जावई स्वतःच बादली घेऊन अंगणात गेले आणि चपला भिजवून आले! खेळायचं की सोडायचं हे पुढे तीच ठरवेल. पण आता ती ते रडत ठरवणार नाही, एवढं मला पुरे.

दिवाळीच्या साफसफाईत आपण कपाटं रिकामी करतो. भरतकामाचं, शिवणाचं, हार्मोनियमचं, आईच्या हातचं पाककृतींचं एखादं पुस्तक निघतं. पानं पिवळी, मापं शेराची आणि छटाकाची. रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी पाच मिनिटं ते उघडून बसा, आणि त्यात इमारत किती, जमीन किती, एवढं बघा. इमारत पडली असेल तर पडू दे. जमीन असेल तर विकू नका.

लोणच्याचा मसाला पुढच्या वेळी, नक्की!