चावी हातात येण्याआधी

परभणीहून पुण्यात नोकरीसाठी आले तेव्हा भाड्याने घर घेताना नेमकं काय काय होतं हे मला कोणाला विचारावं तेच कळत नव्हतं. आमच्या घरात कोणी कधी भाडेकरू नव्हतं. वारज्यापासून बाणेरपर्यंत ‘फ्लॅट भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या दिसत, पण कोणताही नंबर लावला की पलीकडे एजंटच निघे, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘फॅमिली की बॅचलर?’ मी आणि ऑफिसातली मैत्रीण मिळून घर शोधत होतो. ‘दोघी मुली’ म्हटल्यावर काही सोसायट्या फोनवरच संपल्या.

मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते एजंटच्या पैशांनी. एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मी द्यायचं. मालकाकडूनही तो दलाली घेणार. मग हा माणूस कोणाच्या बाजूने बोलतो? हळूहळू लक्षात आलं की मालकाचा फ्लॅट त्याच्याकडे वर्षानुवर्षं असतो आणि भाडेकरू येतात-जातात. त्याचं काम व्यवहार जुळवण्याचं. चावी दिली की ते संपतं. यात वाईट काही नाही, पण जे विचारायचं, पाहायचं, लिहून घ्यायचं ते चावी आणि दलाली यांची देवाणघेवाण होण्याआधीच उरकायला हवं, हे मला फार उशिरा कोणीतरी सांगितलं. महारेराची एजंट-नोंदणी असते असं मी ऐकलं होतं आणि तिचा मोठा आधार वाटला होता. पण २०१६ च्या रेरा कायद्यातली ती नोंदणी घरांच्या खरेदी-विक्रीसाठी आहे, भाड्याच्या दलालीसाठी नाही. एक महिन्याचं भाडं हा दरही रिवाजाचा. म्हणून दलाली किती, ती कधी द्यायची आणि अकरा महिन्यांनी करार नवा करताना पुन्हा मागणार का, हे तिन्ही प्रश्न मी एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले आणि उत्तरंही तिथेच घेतली. घर न पाहता ‘टोकन’ मागणाऱ्यांशी मी बोलणंच थांबवलं. सैन्यात आहे, बदली झालीय, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल, ही फसवणुकीची जुनी रीत आहे.

घर पाहायला एजंट नेहमी दुपारी न्यायचा. दुपारी उजेड असतो आणि सोसायटी शांत असते. पाण्याचं मात्र काहीच कळत नाही. शेवटी आवडलेल्या घरी आम्ही दोघी संध्याकाळी पुन्हा गेलो आणि वॉचमनकाकांना विचारलं. पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, लिफ्टला जनरेटर आहे का, हे सगळं त्यांनी एजंटपेक्षा कितीतरी नीट सांगितलं. शेजारच्या काकूंनी आधीचे भाडेकरू का सोडून गेले तेही सांगितलं: वरच्या बाथरूमची गळती. ती दुरुस्त झाल्यावरच पैसे देऊ, असं आम्ही कळवलं, आणि ती झाली.

मग करार. एजंट म्हणाला, ‘मॅडम, नोटरी करून टाकू, तुमचाच खर्च वाचेल.’ अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं त्याने अगदी खात्रीने सांगितलं. देशाच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्रात ती पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपण करतो तो घरभाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे; न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. ऑफिसातल्या एका ताईंनी हे कलम मला समजावलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या सगळ्यात माझ्याही पायाखाली काहीतरी जमीन आहे. याच कायद्याची दुसरी बाजूही त्यांनी सांगितली: या करारात कुळाचे हक्क मिळत नाहीत, आणि मुदत संपूनही राहिलं तर दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते.

खर्चाचा हिशेबही आम्ही बसून केला. भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,०००. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरलं तर आणखी ५,५००. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सहाशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००, वर ऑनलाइन दस्त हाताळणीचे थोडे पैसे. सरकारी खर्च दोन हजारांच्या आतबाहेर. एजंटने सांगितलेला आकडा बराच मोठा होता. घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे वेगळे असतात हे मला मान्य आहे, पण ते वेगळे लिहून दाखवावेत एवढं आम्ही मागितलं.

मसुदा इंग्रजीत आला आणि सोबत निरोप: ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे.’ मी तो रात्री बसून वाचला. घर सोडायचं असेल तर आम्ही एक महिन्याची नोटीस द्यायची. मालकाने किती दिवसांची द्यायची याचा उल्लेखच नाही. सहा महिन्यांचा लॉक-इन फक्त आमच्यावर. जाताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापणार, भिंती कशाही असोत. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की नाही, स्पष्ट नाही. हे बदलता येईल का, असं विचारल्यावर एजंट म्हणाला, मालक ऐकणार नाहीत. मी मालकांचा नंबर मागितला. त्याने टाळाटाळ केली, मग दिला. मालकीणबाई नाशिकला राहतात. मी कलमं वाचून दाखवली, तर त्या म्हणाल्या, ‘असं लिहिलंय का? मी तर वाचलंच नाही.’ त्यांनाही स्टँडर्ड फॉरमॅटच सांगितला होता! नोटीस आणि लॉक-इन दोन्हीकडून सारखे झाले, मेंटेनन्स त्यांनी स्वतःकडे घेतला. रंगाचं कलम तेव्हा राहिलं. मालक आणि भाडेकरू यांनी सही करण्याआधी एकदा तरी थेट बोलावं, असं मला मनापासून वाटतं. दोघांच्या वतीने एकच माणूस बोलत असतो आणि त्याला घाई असते.

पैसे देण्याआधी घराच्या नोंदणीच्या उताऱ्याची, म्हणजे इंडेक्स-२ ची, प्रत आणि वीजबिल पाहिलं, दोन्हींवर मालकीणबाईंचंच नाव होतं. डिपॉझिट त्यांच्या बँक खात्यात भरलं, एजंटच्या नाही. मैत्रिणीच्या बहिणीचे घरमालक परदेशात राहतात. तिथे कुलमुखत्यारपत्र पाहावं लागलं, आणि अनिवासी मालकाच्या भाड्यातून आयकर कापण्याची जबाबदारी भाडेकरूची असते, भाडं कितीही कमी असलं तरी, हे तिला सीएकडे गेल्यावर कळलं. एजंट त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिगरवहिवाट शुल्काचं, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हाच्या शुल्काचं, नाव काढलं. ते मालकाने द्यायचं असतं, आणि २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसतं. मालकीणबाईंनी ते भरलं. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन देण्याचा अर्जही त्यांच्याच नावाने गेला. प्रत आमच्याकडे आहे. सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, मीटरच्या रीडिंगचे फोटो काढून त्यांना त्याच दिवशी पाठवले.

अकरा महिने भरत आले तेव्हा एजंटचा फोन आला: नव्या कराराची अर्ध्या महिन्याची दलाली. पहिल्या बोलण्यातला त्याचा ‘नाही’ आमच्याकडे लिहिलेला होता, तो त्याला पाठवला. करार आम्ही आणि मालकीणबाईंनी मिळून ऑनलाइन नोंदवला. रंगाचं कलम त्यांनी स्वतःच बदललं: वापराने भिंती मळल्या तर कपात नाही, नुकसान झालं तरच, आणि तेही पावती दाखवून.