बाविसाव्या वर्षीचा वार्ताहर

मित्रहो, बावीस हे वय आपल्याकडे कशाचं असतं? राहिलेले विषय सोडवायचं, उसना टाय घालून कॅम्पस इंटरव्ह्यूला बसायचं आणि मेसच्या भाजीला नावं ठेवायचं! १८९७ साली बंगलोरच्या छावणीत असाच एक बावीस वर्षांचा घोडदळातला अधिकारी होता, विन्स्टन चर्चिल. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला, तोच.

त्या जुलैत वायव्य सरहद्दीवर, आज पाकिस्तानात असलेल्या भागात, पठाण टोळ्यांनी मलाकंदच्या ब्रिटिश ठाण्यावर हल्ला केला. तेव्हा चर्चिल रजेवर इंग्लंडमध्ये होता. बातमी कळताच त्याने मोहिमेच्या सेनापतीला, जनरल बिंडन ब्लडला, तार केली. जागा नव्हती, म्हणून वार्ताहर होऊन ये असं उत्तर आलं. पठ्ठ्या बंगलोरहून रेल्वेने दोन हजार मैल नौशेराला गेला. अलाहाबादच्या 'पायोनियर'चं काम मिळालंच, शिवाय आईने लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'शी ठरवून दिलं... एका कॉलमला पाच पौंड. लेखांवर नाव मात्र छापलं नाही, याचा त्याला भयंकर राग आला. कारण त्याला नावच तर कमवायचं होतं! लोक दिसावेत म्हणून गोळीबारात पांढुरक्या तट्टावर बसून फिरलो, असं त्याने आईला कळवलं होतं.

मलाकंदवरचं त्याचं पुस्तक (१८९८) मी वाचलं. खोटं कशाला बोलू, पोरगा लिहितो झकास! १६ सप्टेंबरला मामुंद खोऱ्यात तो स्वतः गोळीबारात सापडला होता. डोंगर, माघार, जखमींना ओढून नेणारे शीख शिपाई, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं.

पण त्याच दिवसांत त्याने मित्राला लिहिलेल्या खाजगी पत्रातला सूर वेगळा आहे. पठाण सापडेल त्याला मारून विद्रूप करतात आणि आपले लोकही त्यांच्या जखमींना संपवतात, असं त्यात आहे. शिक्षा म्हणून खोऱ्यातली गावंच्या गावं जाळली, विहिरी बुजवल्या, पिकं नष्ट केली. हे १९३० च्या आत्मचरित्रातही त्याने सांगितलंय, अगदी थंडपणे.

इथे मला एक तारीख छळते. १४ सप्टेंबर १८९७. चर्चिल सरहद्दीवर असताना, मामुंदच्या लढाईच्या दोनच दिवस आधी, मुंबईत लोकमान्य टिळकांना 'केसरी'तल्या लेखनाबद्दल राजद्रोहाची अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. एकच साम्राज्य, एकच आठवडा, दोघेही वर्तमानपत्रात लिहिणारे. एकाला कॉलममागे पाच पौंड, दुसऱ्याला तुरुंग! आणि ज्यांच्या विहिरी बुजल्या, त्या मामुंदांचा तर वार्ताहरच नव्हता.

तुम्ही म्हणाल, आम्हा इंजिनिअरांना याचं काय? सांगतो. थर्ड इयरच्या सर्व्हे कॅम्पला आम्ही एका होऊ घातलेल्या तलावाच्या बुडीत क्षेत्रात मोजणी करत होतो. तक्त्यात रकाने होते: घरे, झाडे, विहिरी. एक आजी रोज आमच्यासाठी पाण्याची कळशी आणून ठेवायच्या. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, "लेकरा, माझी हीर आली का रं कागदावर?" मी म्हटलं, "आली की, आजी." आणि खरंच आली होती. अनुक्रमांक सात, व्यास, खोली, बांधकाम दगडी. ती कुणी खणली, कोणत्या दुष्काळात आटली नाही, यासाठी रकानाच नव्हता. म्हणून आजींनी सांगितलेलं मी शेवटी 'शेरा' मध्ये दोन ओळींत लिहिलं. सरांनी विचारलं, "हे कशाला?" पण खोडलं नाही.

चर्चिलला नजर होती, हिंमत होती, भाषा तर होतीच. पण गाव जळताना घरातल्या माणसाला काय वाटलं, हे विचारणं त्याचं काम नव्हतं. त्याला पैसे देणाऱ्यांनाही ते नको होतं. उद्या आपणही रिपोर्ट लिहिणार, कुणीतरी पगार देऊन लिहवून घेणार. आकडे बरोबर यायलाच हवेत, त्यात सूट नाही. पण दोस्तांनो, शेऱ्याचा रकाना रिकामा सोडू नका. तो भरायचे पैसे कुणी देत नाही, म्हणूनच तो आपण भरायचा.