मोड, भेग आणि बदलापूर लोकल

मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये खिडकीच्या वर जे छोटे कागद चिकटवलेले असतात, त्यांत घरबसल्या कमाई, वशीकरण आणि मूळव्याध हे तीन विषय कायमचे. मूळव्याधीच्या कागदावर बहुतेक वेळा एकाच ओळीत ‘मूळव्याध, भगंदर, फिशर’ असं असतं, खाली ‘बिना ऑपरेशन’ आणि एक मोबाइल नंबर. हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. गंमत म्हणजे आपल्या औषध नियमांना ‘जे’ नावाचं एक परिशिष्ट आहे. कोणत्या आजारांवर ‘बरं करतो’ असा दावा औषधाला करता येत नाही, त्यांची यादी. मूळव्याध आणि भगंदर त्या यादीत आहेत. कागद मात्र दर महिन्याला नवे.

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. ट्रेन वेळेवर असली तरी सव्वा ते दीड तास, आणि लोकलला संडास नसतो. त्यामुळे आमच्या डब्यातल्या निम्म्या लोकांचा एक अलिखित नियम आहे: सकाळी पाणी प्यायचं नाही. सीटसाठी अंबरनाथचे लोक उलटे बदलापूरला येतात, म्हणजे त्यांची सकाळ अजून वीस मिनिटं आधी सुरू होते. आता शरीराची बाजू बघा. पोटात चहा-पोहे गेले की मोठं आतडं हलायला लागतं. शौचाची भावना येण्याची ती नैसर्गिक वेळ. नेमकी तीच ७.१० ची वेळ. भावना दाबली की ती थोड्या वेळाने निघून जाते, पण मळ आतच राहतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि रात्रीपर्यंत त्याचा दगड होतो. मग कुंथणं आलं.

कुंथण्याने नेमकं काय होतं, हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेल्या तीन मऊ गाद्या असतात. डॉक्टर त्यांच्या जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात: ३, ७ आणि ११. त्या सगळ्यांना जन्मापासून असतात आणि दार घट्ट मिटायला मदत करतात, वॉशर म्हणा. वर्षानुवर्षं जोर लावून त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडतात, गाद्या फुगून खाली घसरतात, आणि त्यांना आपण मोड किंवा कोंब म्हणतो. विल्यम थॉमसन नावाच्या सर्जनने १९७५ मध्ये ही गाद्यांची गोष्ट नीट मांडली. म्हणजे मूळव्याध ही बाहेरून आलेली वस्तू नाही, आपलाच एक पार्ट जागेवरून हलल्याची तक्रार आहे.

आतल्या मोडांचं रक्त लालभडक असतं, थेंब थेंब पडतं आणि बहुधा दुखत नाही, कारण त्या भागात दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. दुखतं ते भेगेत, म्हणजे फिशरमध्ये. काच कापत गेल्यासारखं, आणि नंतर तास-दोन तास ठणका. भगंदर ही तिसरीच भानगड: आत झालेल्या गळवाने बाहेरच्या कातडीपर्यंत काढलेला बोगदा, ज्यातून पू येत राहतो. त्यावर क्षारसूत्र लावतात. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ लेप दिलेला दोरा. आयुर्वेद म्हटलं की मी भुवया उंचावणारा माणूस, पण यावर आयसीएमआरने शस्त्रक्रियेशी तुलना करून चाचणी घेतली होती. बरं व्हायला जास्त वेळ लागला, पण आजार उलटण्याचं प्रमाण कमी निघालं. हे भगंदराबद्दल. फिशरचा माणूस ‘मूळव्याधीचं’ चूर्ण खात बसला, तर त्याचा उपयोग काय?

मला पहिल्यांदा रक्त दिसलं, त्याच आठवड्यात मी अंबरनाथच्या एका सर्जन बाईंकडे गेलो. धाडस वगैरे काही नाही. कारण होतं मामा.

मामा उल्हासनगरला कॅम्प नंबर पाचात जीन्स शिवायचा. दिवसाचे बारा तास मशीनवर. त्याला रक्त जायला लागलं तेव्हा घरात, कारखान्यात, मेडिकलवाल्याकडे सगळ्यांचं एकच निदान: बसून काम, मूळव्याधच असणार. मामी सुरणाची भाजी करायची. (सुरणाचं संस्कृतात एक नाव अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा. फायबर म्हणून सुरण चांगलाच.) मग एक पुडीवाला, मग एक मलमवाला, मग इंजेक्शनवाला. दीड वर्ष. मामाचं वजन उतरलं, जिना चढताना दम लागू लागला, हिमोग्लोबिन ७ वर आलं, शौचाला दिवसातून पाच-सहा वेळा जाऊनही पोट साफ वाटेना. शेवटी एका सर्जनने हातमोजा घालून बोटाने तपासलं. गाठ बोटाला लागली. गुदाशयाचा कॅन्सर. मामा तेव्हा ५२ वर्षांचा होता.

त्या दीड वर्षात चार जणांनी त्याच्याकडून पैसे घेतले आणि एकानेही तपासलं नाही, हे मला आजही पचत नाही. पण खरं सांगायचं तर मामालाही कुणी तपासायला नको होतं. ‘मूळव्याध’ हा शब्द दोन्ही बाजूंना सोयीचा होता. तो उच्चारला की पँट काढायची गरज संपते.

रेडिएशन, केमो, मग ऑपरेशन. मामा आज आहे. पोटाच्या डाव्या बाजूला कायमची पिशवी आहे. लोकलमध्ये संडास नसल्याचं टेन्शन माझ्याएवढं कुणाला नाही, असं तो स्वतःच म्हणतो आणि हसतो. आम्हाला हसू येत नाही.

तर अंबरनाथच्या बाई. बोटाने तपासणी, मग बोटाएवढी एक नळी आत घालून टॉर्चने पाहणं. चार मिनिटं लागली. आतले मोड बोटाला लागत नाहीत, त्यासाठी नळी; गाठ असली तर बोटाला लागू शकते, त्यासाठी बोट. माझी निघाली दुसरी पायरी. पहिलीत फक्त रक्त, दुसरीत मोड बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसरीत हाताने ढकलावा लागतो, चौथीत जातच नाही. त्यांनी मोडाच्या मुळाशी रबराचं बारीक कडं बसवलं. भूल नाही. दिवसभर शौचाला लागल्यासारखं जड वाटलं. रक्तपुरवठा तुटून मोड आठवड्याभरात गळून गेला, मला कळलंही नाही.

कागदावर लिहून दिलं ते एवढंच: दिवसाला २५-३० ग्रॅम फायबर, रात्री इसबगोल, वर भरपूर पाणी. फायबरबद्दल २००५ मध्ये कोक्रेनने सात चाचण्यांचा आढावा घेतला होता. त्रास उरण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. मात्र इसबगोल पाण्याशिवाय घेतलं तर तेच आत घट्ट बसतं. म्हणजे प्रश्न पुन्हा ७.१० च्या लोकलवर. मी आता साडेपाचला उठून दोन पेले पाणी पितो आणि घर सोडेपर्यंत ते निपटतं. ज्यांच्या घरी नळाला पाणीच सातला येतं, त्यांना हा उपाय सांगताना माझी जीभ अडखळते.

मोबाइलचंही सांगतो, कारण तुम्ही हे कदाचित तिथेच बसून वाचताय. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये कोलोनोस्कोपीला आलेल्या १२५ जणांना विचारलं. ६६ टक्के फोन घेऊन बसणारे होते आणि इतर कारणं वजा केली तरी त्यांच्यात मूळव्याधीची शक्यता ४६ टक्के जास्त निघाली. एवढ्याशा अभ्यासाने फोनला गुन्हेगार ठरवता येत नाही. पण कमोडवर बसल्यावर खाली आधार नसतो, गाद्यांवर ताण येतो आणि रील संपत नाही, हे समजायला अभ्यास लागत नाही. त्यात वन बीएचकेमध्ये पाच माणसं राहतात तेव्हा एका माणसासाठी कडी असलेली ती एकच खोली असते. तिथे पाच मिनिटं जास्त बसणाऱ्याला मी आळशी म्हणणार नाही.

मामाच्या आजारानंतर बाईंनी मला विचारलं, “त्यांच्या सख्ख्या भावंडांची तपासणी झाली का?” मामाची सख्खी बहीण म्हणजे माझी आई. वय ५६. भावाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर चाळिशीपासून कोलोनोस्कोपी करावी, असा सल्ला असतो. कारण बहुतेक गाठी आधी साध्या पॉलिपच्या रूपात बरीच वर्षं बसून असतात आणि तेव्हाच काढता येतात.

आईचं म्हणणं, “मला कुठे काय होतंय?” चार महिने हेच. शेवटी मामाने फोन केला. काय बोलला ते तिने सांगितलं नाही. शुक्रवारी रात्री ती दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर घेऊन ओट्याशी बसली, दर पंधरा मिनिटांनी एक पेला, आणि बाबांना व मला खाली सोसायटीच्या बाकावर पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. एक पॉलिप, आठ मिलिमीटर, काढून तपासणीला पाठवला. गुंगी उतरताना आईने नर्सला विचारलं, “रक्त येत नव्हतं ना मला? मग होता कसा?”

नर्स म्हणाली, “मावशी, म्हणूनच तर आत बघतात.”

“बरं,” आई म्हणाली. “आता चहा मिळेल का?”