रुळाचा बाक

जुना माग विकत घ्यायला आलेला माणूस आधी खांब बघतो. बुंध्याशी वाळवी लागली आहे का ते नखाने खरवडून पाहतो, वरच्या आडव्या लाकडावर टिचकी मारतो आणि भाव विचारतो. मी आधी रूळ बघतो. विणकराच्या पोटाशी असतो तो, विणलेली साडी गुंडाळून घेणारा चौरस रूळ. खांब बदलता येतो, वही-फणी नवी मिळते, पावडे घरच्या घरी होतात. रूळ बिघडलेला असेल तर मात्र बाकीचा माग कितीही देखणा असो, त्याच्यावर पैठणी बसत नाही. येवल्यात जुने सागवानी खड्डामाग घ्यायचे आणि पुन्हा चालते करायचे, यात माझा जन्म गेला. एवढ्या काळात माझी झोप उडवणारी गोष्ट एकच: रुळाचा बाक.

यंदा उजवा खांदा धरला. पाच फुटांच्या लाकडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रंधा मारणं आता जमत नाही, आणि मध्ये थांबलं की तिथे पायरी पडते. म्हणून आळीतली, विणकराच्याच घरातली एक मुलगी कामाला घेतली. विणायला ती आईजवळ बसून शिकली आहे. लाकडाचं काम माझ्याकडे शिकते. रंधा तिचा, डोळा माझा, असं ठरलं होतं. ते तसं राहिलं नाही, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो.

बाक म्हणजे किती, तर मधोमध सुतारी मापाने अर्धं सूत फुगवटा. दाराच्या चौकटीला अर्ध्या सुताचा हिशेब कोणी विचारत नाही. रेशीम विचारतं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सगळा सारखा ओढलेला असतो आणि रूळ फिरतो तसा बाकही फिरतो. बाक विणकराच्या बाजूला आला की मधले धागे ताणले जातात. अर्ध्या फेऱ्यानंतर तो ताण्याच्या बाजूला गेला की तेच धागे ढिले पडतात. काठांवरचा ताण मात्र तेवढाच. मग बाणा, म्हणजे आडवा धागा, सरळ बसत नाही. आधी एका अंगाला आणि पुढे दुसऱ्या अंगाला किंचित कमान घेतो. साडीच्या साध्या, एकरंगी भागावर तिरप्या उजेडात आडव्या सावल्या दिसतात. दोन सावल्यांमधलं अंतर मोजा, ते रुळाच्या घेराएवढं भरेल. साडी गुंडाळत जाते तसं ते अंतर थोडं थोडं वाढतही जातं. एवढं दिसलं की फणीला बोल लावायचा नाही, दोष रुळाचा.

पदरावर हा दोष लपतच नाही. तिथे धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत धावत नसतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी, आणि दोन रंग भेटतात तिथे धाग्यात धागा अडकवून पुढे जायचं. बांगडीमोराच्या नक्षीतली बांगडी गोल दिसायची तर प्रत्येक बाणा सरळच बसला पाहिजे. ताण चुकला की बांगडी दबते, मुनियाची चोच खाली झुकते. विणकर त्याबद्दल स्वतःला दोष देतो. बाई असेल तर घरातली माणसंही तिलाच देतात. महिनोन्‌महिने बसून केलेल्या पदरात चूक निघते ती लाकडाची, आणि ऐकून घ्यावं लागतं माणसाला. मला याचा राग येतो, अजूनही येतो.

बाक येतो कुठून? लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. आडवं हलतं, आणि तेही वलयांच्या दिशेने जास्त, गाभ्याकडून सालीकडे कमी. कापणाऱ्याने लाकूड वाचवायला गाभा एका कडेला ठेवून रूळ काढला असेल, तर त्या रुळाच्या दोन बाजू जन्मभर एकमेकींशी भांडतात. त्यात येवल्याची हवा. मे महिन्यात ऊन चाळिशीपार आणि हवा ठणठणीत कोरडी, जुलैत तीच ओलसर. खड्डामागाखाली माती. कोरड्या हवेत रेशीम तुटतं म्हणून विणकर उन्हाळ्यात जमिनीवर पाणी शिंपडतो. रेशमाला जी ओल हवी, तीच लाकडाला नको असते.

चालत्या मागावर हे निभावतं, कारण रूळ फिरत राहतो आणि चारही बाजूंना ओल-ऊन सारखं मिळतं. माग बंद पडला की रूळ एकाच अंगावर वर्षानुवर्षं पडून राहतो. खालची बाजू ओल पिते, वरची वाळते. घरातला मुलगा नाशिकला कारखान्यात लागला, माग मोडून माळ्यावर टाकला, वर धान्याची पोती रचली. नागडे, वडगाव बल्हे या भागातून असे माग मी घेतो तेव्हा खांब शाबूत असतात आणि रूळ वाकलेला असतो.

बहुतेक सुतार अशा रुळावर सरळ रंधा मारतात. फुगवटा गेला, गुण्या लावून दाखवला, पैसे घेतले. रंध्याने वरचा जुना, मुरलेला थर निघतो, आतलं लाकूड उघडं पडतं आणि इतकी वर्षं दाबून धरलेला ताण सुटतो. पुढच्या पावसाळ्यात बाक परत. मी रूळ उतरवतो, दोन्ही टोकांखाली ठोकळे देतो, फुगीर बाजू वर करून मध्ये वजन ठेवतो आणि एक पावसाळा, एक उन्हाळा त्याच्याकडे बघत बसतो. टोकांच्या छेदावर जवसाचं तेल भरपूर पाजतो, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी तिथून पितं. मग उरलेलं रंध्याने, केसाएवढं. एवढं करूनही काही रूळ दिवाळीला सरळ असतात आणि गुढीपाडव्याला पुन्हा वाकतात. तेव्हा पाडलेल्या जुन्या वाड्याची तुळई शोधायची आणि गाभा सोडून तिच्यातून नवा रूळ काढायचा. ते लाकूड पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली मुरलेलं असतं, त्याचं हलणं बरंचसं हलून झालेलं असतं. तरी जुना रूळ टाकून देण्याची वेळ आली की माझं मन मागे सरतं. त्याच्यावर विणकराच्या पोटाने घासून झालेली तुकतुकी असते. ती रंधा आणू शकत नाही, लाखही आणू शकत नाही.

असाच एक रूळ आम्ही सरळ केला. चारही बाजूंनी दोरा ताणून पाहिला, खालून उजेड दिसला नाही. माग उभा केला, चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे केले, पाणसळ लावली. मुलगी विणायला बसली आणि थोडं कापड होताच म्हणाली, “काका, बाक आहे.” मी पुन्हा दोरा लावला. रूळ सरळ. ती काही बोलली नाही. ताणलेल्या कापडावरून आडवा तळवा फिरवला, रूळ पाव फेरा पुढे घेतला, पुन्हा तळवा फिरवला. “खाच खाली गेली ना, की मधे ढिलं लागतं.”

तिचं खरं होतं. कापडाचं टोक धरणारी काडी बसवायला रुळाच्या एका बाजूला लांबभर खाच असते. त्या बाजूचं लाकूड तेवढं कमी, म्हणून कमजोर. एका रेशमी धाग्याचा ओढा काहीच नसतो. हजारो धाग्यांचा मिळून होतो तो सागालाही वाकवतो. उतरवून ठेवलेला रूळ सरळच होता. ताण्याखाली तो वाकत होता आणि ताणा सैल करून दोरा लावला की पुन्हा सरळ होत होता. माझा डोळा लाकडावर होता. तिचा हात कापडावर होता, आणि बाक होता कापडात.

तेव्हा मला काय वाटलं ते लिहितो. आनंद झाला, पण तो नंतर. आधी झोंबलं. येवल्यात रुळाचं काही अडलं की माझं नाव निघावं, ही माझी फार जुनी हाव आहे. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण ते कापडाचं. साडीच्या चिठ्ठीवर विणकराचंसुद्धा नाव क्वचित येतं, तिथे माग करणाऱ्याचं कुठून येणार? म्हणून मी प्रत्येक रुळाच्या डाव्या टोकाला, कापड कधी झाकत नाही अशा जागी, पटाशीने एक बारीक खूण कोरतो. कोणाच्या घरी गेलो की पाणी हातात घेण्याआधी माझी नजर तिथे जाते. दर्शनी खांबांना मी लाख चढवतो ती वाळवीसाठी नाही. पैठणी बघायला आलेली बाहेरगावची मंडळी विणकामाचे फोटो काढतात. त्या फोटोत सागाची नक्षी उठून दिसावी म्हणून चढवतो.

आणि एक मत्सर आहे. काही जुन्या मागांवर पाचरी एका विशिष्ट तिरकेपणाने ठोकलेल्या असतात. एकाच सुताराचा हात. तो कोण, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. दोन पिढ्या चाललेल्या त्याच्या रुळांवर दोरा धरला तर आजही खालून उजेड येत नाही. लाकूड निवडताना तो काय बघत होता, खाच कोणत्या अंगाला पाडत होता, हे त्याच्या हयातीत कोणी विचारून ठेवलं नाही. मी त्याचे माग दुरुस्त करतो आणि मनातल्या मनात त्याच्याशी स्पर्धा करतो. अजून तोच पुढे आहे.

हल्लीच्या कामाबद्दल माझी मतं कडक आहेत. लोखंडी चौकटीचे माग आले. वाळवीची भीती नाही, टेम्पोतून उतरले की त्याच दिवशी उभे राहतात, हे त्यांचे गुण. पण पातळ नळीची चौकट हात्याच्या प्रत्येक ठोक्याला थरथरते, नट सैल होतात आणि तो हादरा विणकराच्या खांद्यात जातो. सागवान ठोका आपल्या अंगात जिरवतं. जॅकार्डचंही एक आहे. जोसेफ मारी जॅकार्डने फ्रान्समध्ये 1804 च्या सुमाराला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी चालवली, आज आमचे काठ त्याच पुठ्ठ्यांवर निघतात. त्यावर माझं भांडण नाही. पण जुना खड्डामाग डोक्यावर जॅकार्डच्या पेटीचं ओझं घ्यायला बांधलेलाच नव्हता. पेटी वर ठेवायची तर आधी कूस-पाचरीचे सांधे नव्याने भरावे लागतात. लोखंडी पट्टी ठोकून वेळ मारून नेणारे सुतार सांध्याचा जीव घेतात. पाचर काढता येते, पुन्हा ठोकता येते. खिळ्याने एकदा चिरलेली कूस मिटत नाही.

सगळ्यात वाईट जुन्या लाकडाचा बाजार. तिथे माग घनफुटावर विकला जातो. खांबांची बाकडी होतात, रुळाचा दिव्याचा खांब होतो, फणी काचेत घालून भिंतीवर लावतात. विणकराला माग चालवून मिळत नाही तेवढे पैसे माग मोडून मिळतात, आणि त्याला मी दोष देत नाही. घेणाऱ्याला देतो. चालू शकणारं अवजार शोभेसाठी कापणं हे मला पाप वाटतं.

त्या रुळाचं पुढे असं झालं. खाचेत बसणारी काडी सैल असते. आम्ही ती शिसवाची, पूर्ण लांबीची आणि इतकी घट्ट केली की हलक्या हातोडीनेच आत जावी. खाचेची रिकामी जागा पुन्हा लाकडाने भरली. शिसवाला बारीक गोलाई हवी होती. संक्रांत तोंडावर आलेली, येवल्यातले चरकवाले पतंगाचा दोरा गुंडाळायच्या आसाऱ्यांत बुडालेले, म्हणून ती गोलाई मुलीनेच पटाशीने दिली. बाक निम्म्यावर आला. गेला नाही. ती म्हणते, खाच रुंद न ठेवता अरुंद आणि खोल पाडून बघू. मला वाटतं खोल खाचेने लाकूड आणखी दुबळं होईल. वाड्याच्या तुळईचा एक तुकडा पडून आहे, त्यावर दोन्ही करून बघणार आहोत. नव्या रुळावर खूण कोणाची कोरायची हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. खाच तिची चालली तर खूण तिची.

ज्यांच्या घरात, वाड्यात, माळ्यावर जुना माग पडून आहे त्यांना माझी विनंती आहे. तो घनफुटावर देऊ नका. विणणारं कोणी असेल त्याला द्या, कमी पैशात द्यावा लागला तरी द्या. तेही जमत नसेल तर निदान रूळ भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका. जमिनीपासून वर, आडवा, दोन ठिकाणी आधार देऊन ठेवा आणि दर महिन्याला पाव फेरा फिरवा.