पाण्यात उतरणारी वाट

बँकेतील चौतीस वर्षांच्या नोकरीत मी टेबलावरून उठलो तो बहुधा जेवणासाठी, नाहीतर बदलीसाठी. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी तक्रार सुरू केली, तेव्हा डॉक्टरांनी चालण्याऐवजी सायकल सुचवली. मुलाने लगेच एक सायकल आणून दिली. तिचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर मात्र जाड आणि खाचांचे. “बाबा, ही डांबरावरही चालते आणि खडीवरही,” तो म्हणाला. त्रेसष्टाव्या वर्षी खडीवर जाण्याची मला मुळीच हौस नव्हती. पण मुलाचे घर सोनिवलीत आहे, आणि सोनिवलीत राहून डोंगराकडे पाठ फिरवणे अवघड आहे.

वाचकहो, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील सोनिवली हे जुने गाव आता नव्या इमारतींच्या गर्दीत मिसळू लागले आहे. लोकलच्या भाषेत हा भाग ‘बदलापूर पश्चिम’. प्रत्यक्षात कल्याणहून कर्जतकडे जाणारे रूळ आग्नेयेला वळलेले असल्यामुळे ही ‘पश्चिम’ ईशान्येकडे येते, आणि सूर्य उगवतो तो पश्चिमेलाच! ‘पूर्वे’च्या बाजूला मलंगगड, ताहुली आणि चंदेरीची रांग; आपल्या बाजूला उल्हास नदीचे खोरे, मुळगावची खंडोबाची टेकडी आणि त्यापलीकडे बारवीचे जंगल. शिवकाळात येथे घोडे बदलले जात, म्हणून ‘बदलापूर’ हे नाव पडले अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, मीही येथेच वाहन बदलले. डोंबिवलीतील औद्योगिक निवासी विभागात आमचे तीस वर्षे वास्तव्य. हिवाळ्याचे तीन-चार महिने मात्र आता सोनिवलीत जातात.

खडीच्या रस्त्यांवरील सायकलिंग हा प्रकार परदेशांत मोठा लोकप्रिय झाला आहे. अमेरिकेतील कॅन्ससच्या माळरानांत २००६ पासून दोनशे मैलांची अशी शर्यत भरते, आणि २०२२ मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत झाली. मला मात्र अधिक भावली ती इटलीतीलच एक जुनी कथा. तेथील टस्कनी प्रांतात द्राक्षमळ्यांमधून पांढऱ्या मुरमाचे रस्ते जातात. ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचावेत या हेतूने काही सायकलप्रेमींनी १९९७ मध्ये ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली. जुन्या सायकली आणि जुने रस्ते. वाट टिकायची असेल तर तिच्यावरून कोणीतरी जात राहिले पाहिजे, हा त्यामागील विचार मला हिशेबी माणसालाही पटला.

सोनिवलीहून बारवी धरणापर्यंतचा रस्ता डांबरी आहे. अंतर साधारण दहा-बारा किलोमीटर. खरी मौज त्याला फुटणाऱ्या कच्च्या वाटांवर. काळा कातळ झिजून झालेला तांबूस मुरूम, मध्ये गवताची पट्टी, दोन्ही बाजूंना गाडीच्या चाकोऱ्या. सुरुवातीला मी दोनदा आडवा झालो. मग काही नियम कळले. टायरमध्ये हवा गच्च भरायची नाही, थोडी कमीच ठेवायची, म्हणजे चाक खड्याला कवेत घेऊन पुढे जाते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. सुट्या खडीवर वळताना वेग आधीच कमी करायचा. आणि नजर चाकाजवळ न ठेवता दहा-पंधरा हात पुढे ठेवायची. जिकडे नजर, तिकडे सायकल.

मार्गशीर्षात या वाटांवर सकाळी दंव असते. साग, ऐन, कुडा, मोह ही झाडे पाने झाडू लागतात, आणि चाकाखाली पाचोळ्याचा आवाज होतो. माघ-फाल्गुनात पळस आणि सावर फुलल्या की पानगळीच्या करड्या रानात जागोजागी लाल रंग दिसतो. पावसाळ्यात हे रान सर्वांत देखणे होते असे सारे सांगतात; पण तेव्हा मी कच्च्या वाटेवर जात नाही. मृगाच्या मखमली किड्यांपासून चिमुकल्या खेकड्यांपर्यंत सारी सृष्टी त्या वेळी वाटेवरच उतरलेली असते. चातुर्मासात साधु-साध्वी विहार थांबवतात त्याचे कारण लहानपणी प्रवचनात ऐकले होते. ते डोळ्यांनी पाहिले ते या वाटेवर. शिवाय त्या दिवसांत धरणे-धबधब्यांच्या परिसरात प्रशासनाचे मनाई आदेश असतात, तेही पाळावेत.

गेल्या पौषातील एक सकाळ मात्र केवळ सृष्टिसौंदर्याची राहिली नाही. जलाशयाच्या कडेने जाणारी एक रुंद, चांगली दबलेली वाट मला सापडली. कडेला चिंचेचे जुने झाड, दगडी बांधाचे अवशेष. ही वाट नक्की एखाद्या गावाला जात असणार, या विचाराने मी उतारावर सायकल सोडली. एका वळणानंतर समोर पाणी आले. वाट थांबली नव्हती. ती तशीच, त्याच रुंदीने, पाण्यात उतरली होती. काठाजवळच्या उथळ पाण्यात चाकोऱ्याही दिसत होत्या.

मी उतरलो आणि कितीतरी वेळ उभा राहिलो. कारण ही वाट मला कागदावरून ठाऊक होती.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेल्या बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. आज त्याची पूर्ण संचय पातळी ७२.६० मीटर असून साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. २०१९ च्या पावसाळ्यात धरण या वाढीव पातळीपर्यंत प्रथमच भरले, आणि तोंडली, काचकोली, मोहघर अशा गावांची घरे व शेते पाण्याखाली गेली. त्यापूर्वीची काही वर्षे मी याच परिसरातील एका शाखेत होतो. मोबदल्याच्या रकमा घेऊन माणसे आमच्याकडे येत. मी खाती उघडली, मुदत ठेवींचे व्याजदर समजावले, अंगठ्यांवर साक्षी केल्या. काम चोख झाले, याचे मला समाधानही होते. खाते उघडण्याच्या अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा रकाना असतो. एका वयस्क गृहस्थांनी मला विचारले होते, “साहेब, यात कोणता पत्ता लिवायचा?” रांग मोठी होती. मी मान वर न करता म्हणालो, “जिथे टपाल पोहोचेल तो लिहा.”

रकमा मला पैशापर्यंत ठाऊक होत्या. जमीन मी कधी पाहिली नव्हती. शाखेपासून ती काही किलोमीटरवर होती, आणि मला जीपने तेथे जाता आले असते.

मी दगडावर बसलो. नवकारशीची वेळ झाली होती, म्हणून बाटली काढून पाणी प्यालो. तेवढ्यात दोन गुरे हाकत एक आजोबा आले. डोक्याला टॉवेल, हातात काठी. सायकलकडे पाहून हसले. “वाट चुकलात जणू.”

“वाटच संपली, बाबा.”

“संपली कुठं? फुडं हाय की. म्हशीबरोबर उतरलो तर पायाला लागते अजून.” काठीने त्यांनी पाण्यावर रेषा ओढावी तसे दाखवले. “ते तिथं मारुतीचं देऊळ, तिथं इहीर. चिंचेखाली आमचा खळा.”

मी कोठून आलो असे त्यांनी विचारले. सोनिवलीला मुलाकडे असतो, घर डोंबिवलीला, असे मी सांगितले.

“डोंबिवली? म्हंजे आमच्याच गावावरचं पानी पिता तुमी.”

त्यांच्या स्वरात राग नव्हता, टोमणाही नव्हता. एखादे नाते सापडावे तसे ते बोलले. आणि ते खरेच होते. धरणातून सोडलेले पाणी बारवी नदीतून उल्हासला मिळते, जांभूळ येथे उचलून शुद्ध केले जाते आणि कारखान्यांना व शहरांना जाते. आमच्या नळाला तीस वर्षे तेच पाणी येत होते. माझ्या आईने आणि नंतर पत्नीने ते रोज दुहेरी फडक्यातून गाळले. पाण्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची आठवण आमच्या घराने एक दिवसही चुकवली नाही. पण हे पाणी कोणाच्या अंगणावर उभे आहे, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नाही.

मी बँकेत होतो हे त्यांना सांगावे की नाही, याचा क्षणभर विचार केला. मग सांगितले. ते थोडे थांबून म्हणाले, “पैसं मिळालं. पोरग्याला नोकरीबी लागली. वाईट न्हाई झालं समदं.” मग गुरांकडे वळत म्हणाले, “फकस्त सांगायला गाव नाय उरलं. लगीन जमवताना इचारतात ना, गाव कोनचं?”

त्या दिवसापासून माझ्या फेऱ्यांची रीत बदलली. पूर्वी मी घड्याळात किलोमीटर मोजत असे. आता आठवड्यातून एकदा त्या वाटेवर जातो, पाण्याच्या कडेपर्यंत. उन्हाळ्याकडे जलाशय आटतो तशी वाट हळूहळू बाहेर येते. चैत्रात मी मागच्यापेक्षा बरेच पुढे गेलो होतो. आजोबा भेटले तर बसतो. त्यांनी सांगितलेली घरे, विहीर, देऊळ आणि कोणाचे शेत कोठे होते हे मी एका जुन्या खतावणी वहीत लिहू लागलो आहे. नावापुढे रक्कम लिहिण्याची सवय होती. आता नावापुढे झाड किंवा बांध लिहितो.

वाचकांपैकी कोणास या वाटांवर यावेसे वाटले तर अवश्य यावे. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम. सूर्योदयानंतर निघावे, पाणी व पंक्चरचे साहित्य जवळ ठेवावे, एकट्याने जाऊ नये, वनखात्याने बंद केलेल्या वाटेवर शिरू नये, कचरा परत आणावा. वाडीतून जाताना सायकलवरून उतरून चालावे आणि कोणी भेटल्यास गाव विचारावे. उत्तर सांगायला वेळ लागला, तर थांबून ऐकावे.